मोर्चाला पैसे मिळतात, रात्रीच्या रिक्षाला मिळत नाहीत

बडोद्यात वाचनालयासाठी, मुलींच्या वसतिगृहासाठी किंवा शाळेच्या खोलीसाठी देणगी मागायला गेलं तर सहसा कुणी रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. बायकांवरच्या हिंसेविरुद्ध काम करणारी संघटना दारात आली की मात्र दोन प्रश्न हमखास येतात. एक मनातल्या मनात असतो: दुसऱ्याच्या घरातल्या भानगडीत आपण कशाला पडायचं? दुसरा उघड विचारला जातो: यातला पगारावर किती जातो?

पहिल्याचं उत्तर २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यानेच देऊन ठेवलं आहे. घरात होणारी मारहाण ही खाजगी बाब राहिलेली नाही. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र थोडं बैजवार बसावं लागेल, कारण या कामाच्या निधीतली जवळजवळ सगळी गडबड त्याच्यापाशी येऊन थांबते.

पगार हेच काम

शाळा बांधणाऱ्या संस्थेत विटा-सिमेंट हे काम आणि कारकुनाचा पगार हा वरखर्च, असं म्हणता येतं. इथे विटा-सिमेंट नसतंच. रात्री साडेनऊला दोन मुलांना घेऊन एक बाई घराबाहेर पडते. फोन उचलायला कुणीतरी हवं. तिच्याबरोबर सयाजी हॉस्पिटलला जाऊन जखमांची नोंद नीट होतेय ना हे बघायला कुणीतरी हवं. पोलीस ठाण्यात बसायला, चार दिवसांनी तिचे कागद जमवायला, सहा महिन्यांनी दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात तारखेला हजर राहायलाही हवं. ही सगळी कामं माणूसच करतं, आणि त्या माणसाला महिन्याच्या महिन्याला पगार लागतो. अग्निशामक दलाच्या जवानाच्या पगाराला कुणी ‘प्रशासकीय खर्च’ म्हणत नाही. समुपदेशक बाईच्या पगाराला मात्र सर्रास म्हणतात.

म्हणून पैसा दिसेल अशा गोष्टींकडे वळतो. आठ मार्चचा मोर्चा, फ्लेक्स, जाणीवजागृतीचं शिबिर, टोप्या आणि टी-शर्ट. शिलाई मशीनवाटप तर सगळ्यांचं लाडकं. (मार खाणाऱ्या बाईला मशीन दिलं की ती सुटते, हा समज कुठून आला कोण जाणे. तिने कमावलेले पैसे काढून घेणं हीसुद्धा हिंसाच आहे, कायद्यात तिला आर्थिक छळ म्हटलं आहे.)

बडोद्यासारख्या शहरातल्या लहान संघटनेचा खर्च कसा पडतो, ते एका नमुना हिशेबाने पाहू. आकडे गृहीत धरलेले आहेत, प्रमाण मात्र साधारण असंच असतं. दोन पूर्णवेळ कार्यकर्त्या, प्रत्येकी महिना २२,००० रुपये: वर्षाचे ५,२८,०००. एक समुपदेशक, २८,०००: ३,३६,०००. वकिलाला ठरलेली महिन्याची फी १२,०००: १,४४,०००. अर्धवेळ हिशेबनीस ८,०००: ९६,०००. जागेचं भाडं, वीज, फोन मिळून १५,०००: १,८०,०००. प्रवास ८,०००: ९६,०००. तातडीचा निधी १०,०००: १,२०,०००. ऑडिट आणि सीएची फी ५०,०००. शिवाय कार्यकर्त्यांना बाहेरच्या अनुभवी समुपदेशकाकडे मन मोकळं करता यावं म्हणून महिना ३,०००: ३६,०००. बेरीज १५,८६,०००. वर दहा टक्के राखीव धरले की जवळपास साडेसतरा लाख. यात एकही मोर्चा नाही.

यातला शेवटचा ३,००० चा आकडा कपातीत सगळ्यात आधी उडतो. रोज मारहाणीच्या गोष्टी ऐकणारी बाई दीड-दोन वर्षांत थकून नोकरी सोडते, आणि तिच्याबरोबर तिने जोडलेल्या पोलीस, डॉक्टर, वकील यांच्या ओळखीही जातात. नवी माणसं तयार व्हायला पुन्हा वर्ष जातं. हे नुकसान कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

तातडीचा निधी कसा चालवतात

बाहेरच्यांना हा भाग सगळ्यात संशयास्पद वाटतो, म्हणून जरा तपशिलात. कार्यालयात पाच हजार रुपये रोख ठेवतात आणि संपत आले की व्हाउचर जोडून पुन्हा तेवढेच भरतात. त्यातून रिक्षा, एका रात्रीची खोली, औषधं, मुलांचं दूध, नवं सिमकार्ड, झेरॉक्स, नोटरी असे खर्च निघतात. सिमकार्ड कशाला? जुना नंबर नवऱ्याच्या नावावर असतो, आणि ओटीपी त्याच्याकडे जातात.

व्हाउचरवर बाईचं नाव येत नाही, केस नंबर येतो. नाव आणि नंबर यांची जोडणी एका वेगळ्या कुलूपबंद नोंदवहीत. व्हाउचरवर दोन सह्या: खर्च करणारीची आणि मंजुरी देणारीची. रिक्षावाला पावती देत नाही, तेव्हा कुठून कुठे आणि किती हे लिहून सही. ऑडिटरला सुरुवातीलाच ही पद्धत लेखी दाखवावी. वर्षअखेरीला ‘लाभार्थींची नावं आणि सह्या आणा’ असं म्हणून तो अडून बसला तर दोघांचीही पंचाईत होते. बलात्काराच्या गुन्ह्यातल्या स्त्रीची ओळख उघड करणं हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हाच आहे. देणगीदाराच्या अहवालासाठी फोटो मागणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

सरकार देतं ते कुठे संपतं

सरकार काहीच करत नाही असं नाही. गुजरातेत १८१ अभयम हेल्पलाइन आहे. देशभर ‘सखी’ वन स्टॉप सेंटर १ एप्रिल २०१५ पासून सुरू झाली आणि तिथे एका छताखाली डॉक्टर, पोलीस, वकील, समुपदेशन आणि जास्तीत जास्त पाच दिवसांचा निवारा मिळतो. पैसा महिलांच्या सुरक्षेसाठीच्या केंद्राच्या निर्भया निधीतून येतो, जो २०१३ मध्ये १,००० कोटींनी सुरू झाला. आता हे सगळं केंद्राच्या मिशन शक्ती या छत्रीयोजनेखाली आहे, आणि जास्त काळ राहण्यासाठी शक्ती सदन आहे.

प्रश्न सहाव्या दिवशी उभा राहतो. घरगुती हिंसाचार कायद्यात पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावायचा प्रयत्न व्हावा असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात तारखा वर्ष-वर्ष चालतात. तेवढ्या काळात तिला पोटगीचा अंतरिम हुकूम मिळाला का, मिळाला तर पैसे येतात का, नवऱ्याने मुलाला शाळेतून उचलून नेलं का, याचा पाठपुरावा कुणी करायचा? हे काम संघटना करतात, आणि नेमकं त्यालाच सरकारी योजनेत खातं नसतं.

त्याच कायद्याच्या कलम १० खाली संस्थेला ‘सेवा पुरवणारी संस्था’ म्हणून राज्य सरकारकडे नोंदता येतं. त्यासाठी किमान तीन वर्षं अशा सेवा दिलेल्या असाव्या लागतात. नोंदणी झाली की संस्था घरगुती घटनेचा अहवाल तयार करून मॅजिस्ट्रेट आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवू शकते. करून घ्यावीच अशी नोंदणी आहे, पण एक ध्यानात असू द्या: तिने अधिकार मिळतो, अनुदान आपोआप येत नाही.

सरकारी अनुदान घ्यायचंच असेल तर नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंद लागते, आणि पुढचा हप्ता आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्चल्याचा दाखला) दिल्याशिवाय सुटत नाही. हप्ता लांबला की पगार लांबतात. निदान तीन महिन्यांचे पगार निघतील एवढी गंगाजळी नसेल, तर सरकारी प्रकल्प हाती घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

कंपन्यांचा पैसा

कोयलीच्या रिफायनरीपासून मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीपर्यंत बडोद्याभोवती उद्योग कमी नाहीत, त्यामुळे सीएसआरकडे, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने करायच्या सामाजिक खर्चाकडे, सगळ्यांची नजर असते. नियम असा: ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यातलं एक जरी लागू पडलं तरी कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम खर्च करायची. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात स्त्री-पुरुष समानता, महिला सक्षमीकरण आणि महिलांसाठी निवासगृहं यांचा उल्लेख आहे, तेव्हा हिंसाविरोधी काम त्यात सरळ बसतं. संस्थेकडे १२ए (संस्थेला करमाफी), ८०जी (देणगीदाराला करसवलत) आणि सीएसआर-१ (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची नोंद) यांचा नोंदणी क्रमांक हवा, शिवाय तीन वर्षांचा कामाचा इतिहास.

अडतं दोन ठिकाणी. पहिली अडचण कॅलेंडरची. कंपनीचं वर्ष मार्चला संपतं, म्हणून फेब्रुवारीत करार होतो आणि ‘३१ मार्चपर्यंत खर्च दाखवा’ म्हणून निरोप येतो. सहा आठवड्यांत मोर्चा काढता येतो, कोर्टातली केस चालवता येत नाही. यावर कायद्यातच वाट आहे. प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर झाला तर सुरू झालेलं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं चालू शकतो, आणि न खर्चलेली रक्कम कंपनी वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवते. पण हे संचालक मंडळाच्या ठरावात सुरुवातीलाच यावं लागतं. म्हणून प्रस्तावाच्या पहिल्या पानावरच तीन वर्षांचं वेळापत्रक आणि ‘चालू प्रकल्प’ हे शब्द घाला.

दुसरी अडचण पाच टक्क्यांची. ‘सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च पाचच टक्के चालतो’ असं सांगून कंपनीचे अधिकारी संस्थेच्या पगारावर कात्री लावतात. ही पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेचा खर्च त्यात मोजायचा नसतो, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या प्रश्नोत्तरांत स्पष्ट केलं आहे. ते परिपत्रक छापून फाइलीत ठेवा. वाद घालायची गरज पडत नाही, पान पुढे सरकवलं की काम होतं.

परदेशातली बहीण

बडोद्यात हा विषय घरोघरी आहे. बहीण न्यू जर्सीला, भाचा मेलबर्नला, आणि दोघांनाही गावासाठी काही करायचं असतं. इथे पासपोर्ट बघायचा, पत्ता नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी देणगी धरत नाहीत. ती संस्थेच्या साध्या खात्यात येऊ शकते. ग्रीन कार्ड असलं तरी हरकत नाही, पासपोर्ट भारताचा हवा. तीच बहीण अमेरिकन नागरिक झाली की तिचा पैसा परदेशी. मग ती ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) घेऊन बडोद्यात येऊन रुपयांत चेक देऊ दे, इथल्या बँकेतल्या खात्यातून देऊ दे, फरक पडत नाही. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी, नसलेल्या संस्थेने तो घेतला की कायदा मोडला. म्हणून परदेशातून देणगी आली की पासपोर्टची प्रत आणि नागरिकत्वाचं एक ओळीचं निवेदन मागून घ्यावं. लोकांना राग येतो, येऊ द्यावा.

एफसीआरए नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मुख्य कामावर किमान १५ लाख खर्च झालेले हवेत. पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो. नोंदणी पाच वर्षांची, नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या आधीच्या सहा महिन्यांत. वार्षिक विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत. परदेशी आणि देशी पैसा एका खात्यात मिसळायचा नाही, आणि परदेशी पैशावरचं व्याजही परदेशीच मोजायचं.

२०२० च्या दुरुस्तीने लहान संघटनांचं कंबरडं मोडलं ते वेगळ्याच कारणाने. पूर्वी मोठी संस्था परदेशी निधी घेऊन तो जिल्ह्यातल्या लहान गटांना वाटत असे. आता एफसीआरएचा पैसा दुसऱ्या संस्थेला, तिच्याकडे नोंदणी असली तरी, देता येत नाही. इंग्रजीत अर्ज लिहिणारी मोठी संस्था आणि वस्तीत काम करणारा लहान गट यांच्यामधला पाइपच काढून टाकला गेला.

त्याच दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. इथे मात्र एक बारीक गोष्ट उपयोगी पडते. नियमांनुसार संस्थेच्या उद्दिष्टासाठी थेट काम करणाऱ्यांचा पगार, जसा इस्पितळातल्या डॉक्टरचा किंवा शाळेतल्या शिक्षकाचा, प्रशासकीय खर्चात येत नाही. समुपदेशक आणि केस सांभाळणारी कार्यकर्ती यांनाही हेच तत्त्व लागू होतं. पण नेमणूकपत्रावर ‘ऑफिस असिस्टंट’ लिहिलं असेल तर ऑडिटर काय करणार? नेमणूकपत्रात पद, कामाचं वर्णन आणि हजेरीपटात कुठल्या कामावर किती वेळ, हे तिन्ही जुळलेलं असावं.

सह्या आणि चेंज रिपोर्ट

गुजरातेत ट्रस्टची नोंदणी चॅरिटी कमिशनरकडे, गुजरात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खाली होते. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. लहान संस्था हे विसरतात. मग एक दिवस बँक केवायसीसाठी विश्वस्तांची अधिकृत यादी मागते, यादीत वारलेल्या अध्यक्षांचं नाव असतं, खातं अडकतं आणि खात्यात पैसे असूनही पगार होत नाहीत. उपाय साधा: बँकेत तीन सह्या नोंदवा, कुठल्याही दोन चालतील अशा. आणि विश्वस्त बदलाचा ठराव झाला त्याच आठवड्यात चेंज रिपोर्ट दाखल करा.

आकडा वाढला तर घाबरू नका

पैसे देणारे वर्षाने विचारतात, हिंसा किती कमी झाली? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, विवाहित किंवा कधीतरी विवाह झालेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितलेल्या जेमतेम १४ टक्के. म्हणजे ज्या वस्तीत संघटना चांगलं काम करते तिथे पहिली दोन-तीन वर्षं तक्रारी वाढतात. तो विश्वास वाढल्याचा आकडा असतो. तो बघून निधी आवरता घेणारे देणगीदार आहेत.

त्याहून वाईट मोजमाप म्हणजे ‘किती संसार जुळवले’. या आकड्यावर पैसे मिळतात असं दिसलं की संस्था बाईला समजूत घालून परत पाठवायला लागते. बायकांच्या हक्कांसाठी उभी राहिलेली संघटना आणि नुसतं समेट घडवणारं मंडळ यात हाच फरक. माला टुन आणि लॉरेल वेल्डन या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी ७० देशांतली १९७५ ते २००५ ची धोरणं तपासून २०१२ मध्ये मांडलेला निष्कर्षही याच दिशेचा आहे: बायकांवरच्या हिंसेविरुद्ध सरकारी धोरण पुढे रेटण्यात सगळ्यात मोठा वाटा स्वायत्त स्त्री-चळवळींचा होता, डाव्या पक्षांचा किंवा देशाच्या श्रीमंतीचा नव्हे. विचारायचंच तर असं विचारा: आलेल्या बायकांपैकी सहा महिन्यांनी किती जणी संपर्कात आहेत? किती जणींना पोटगीचा किंवा घरात राहण्याचा हुकूम मिळाला? कार्यकर्त्या किती वर्षं टिकल्या?

महिला मंडळ, भिशी आणि आपण

वीस जणींच्या भिशीने महिना ५०० रुपये बाजूला काढले की १०,००० होतात. वरच्या हिशेबातला तातडीचा निधी पूर्ण निघाला. फक्त ते एका चेकने मंडळाच्या नावे दिले तर एकीलाही ८०जीची पावती मिळत नाही. प्रत्येकीने आपापल्या खात्यातून, पॅन क्रमांक देऊन पाठवावे. रोख २,००० च्या वर दिले तर करसवलत नाही. नव्या करप्रणालीत तर ८०जीची सवलतच नाही, हे आधीच माहीत असावं म्हणजे नंतर संस्थेशी भांडण नको. १९६१ च्या कायद्यानुसार संस्था देणगीदारांचं विवरण ३१ मेपर्यंत भरते आणि मग प्रमाणपत्र देते. उशीर झाला तर तिला रोज २०० रुपये भुर्दंड बसतो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात, तेवढे सीएकडून ताजे करून घ्यावेत.

संस्था पारखताना ट्रस्टचा नोंदणी क्रमांक, ८०जीच्या आदेशाची मुदत आणि तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब मागा. निवारागृहाचा पत्ता मागू नका, भेट द्यायचा आग्रह धरू नका. शिल्लक दिसली म्हणून भुवया उंचावू नका: उत्पन्नाच्या १५ टक्क्यांपर्यंत रक्कम राखून ठेवायची मुभा कायद्यानेच दिली आहे, आणि हप्ता लांबला की तीच पगाराला येते.

देणगी एकदाच मोठी देण्यापेक्षा दरमहा लहान, निदान तीन वर्षं, बँकेला स्थायी सूचना देऊन पाठवलेली बरी. सोबतच्या पत्रात लिहा: ‘ही रक्कम संस्थेच्या उद्दिष्टांसाठी, पगारासह, संस्थेला योग्य वाटेल तशी वापरावी.’ ‘कॉर्पस’ हा शब्द भारदस्त वाटतो म्हणून घालू नका. तो लिहिला की रक्कम ठेवीत ठेवावी लागते, आणि संस्थेच्या हाती वर्षाला फक्त व्याज येतं.